विषय: चालू रेटलिस्टमध्ये जुनाच रेट येतोय, तिसऱ्यांदा कळवतोय

सपोर्ट टीम, नमस्कार,

आमचं होलसेल किराणा दुकान आहे, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर चार वर्षं वापरतोय, रिन्युअलची फी एकदाही थकवली नाही. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं आणि तेल भडकलं, म्हणून सोमवारी १६ तारखेला दुकान उघडल्या उघडल्या मी सोयाबीन तेलाच्या १५ किलो डब्याचा नवा रेट टाकला, १८९०. आधीची एंट्री २८ ऑगस्टची, १६२०. दुसऱ्या दिवशी विसर्जन, गर्दीत पोराने २० डब्यांचं बिल काढलं ते १६२० नेच. ५४०० रुपये गेले, गिऱ्हाईक काय आता आणून देणारे?

फोनवर तुमचा माणूस म्हणतो सिस्टीम लेटेस्टच एंट्री उचलते. भाच्याने बॅकअप उघडून बघितला तर तारीख टेक्स्ट म्हणून सेव्ह केलेली, २८/०८/२०२४ आणि १६/०९/२०२४, मग डावीकडून पहिला आकडा बघायचा, २ मोठा की १, झालं, ऑगस्ट सप्टेंबरच्या पुढे! म्हणजे ३१ तारखेला टाकलेला रेट तुमच्याकडे अमरच.

मग अपडेट आलं. आता तारीख १६/०९ दिसते आणि शेजारी रेट १६२०. याच्यापेक्षा आधीचं बरं होतं, जुनी तारीख निदान डोळ्याला खटकली तरी असती. आयटम कोडवर ग्रुप बाय करून, म्हणजे एका मालाच्या सगळ्या एंट्र्या एकत्र धरून, मॅक्स म्हणजे सगळ्यात नवी तारीख काढलीत, पण रेट त्याच ओळीतला येईल याची गॅरंटी काय? मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीपासून असली क्वेरी, म्हणजे डेटा मागवायची आज्ञा, डिफॉल्टला एररच देते म्हणे, मग ते सेटिंग तुम्हीच बंद केलेलं दिसतंय.

वर सल्ला काय, तर जुन्या एंट्र्या डिलीट करा. नाही करणार, गेल्या दिवाळीला काय रेट होता ते मला बघायला लागतं.

तारखेचा कॉलम डेट टाइपचा करा, रो नंबर लावून पार्टिशन बाय आयटम कोड, म्हणजे प्रत्येक मालाच्या ओळींना वेगळे १, २, ३ नंबर, तारीख उतरत्या क्रमाने, एकाच दिवशी दोन एंट्र्या असल्या तर एंट्री नंबर मोठा तो आधी, आणि पहिली ओळ घ्या, अख्खी. भाच्याने क्वेरी लिहून दिलीये, सोबत जोडतोय, त्याचे पैसे नकोत. माझे ५४०० पुढच्या रिन्युअलमधून वळते करा, आणि ते होईपर्यंत रिन्युअलचे मेसेज पाठवू नका.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक