चुन्याला मार्चअखेर कळत नाही : महात्मा फुले मंडईसाठी आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका

महोदय,

महात्मा फुले मंडईच्या बाह्यभागाच्या डागडुजीची निविदा काढाल, तेव्हा एक गोष्ट पाहा: कार्यादेश दिवाळीच्या आत निघाला पाहिजे.

आपल्याकडे वर्ष फायलींत सरतं आणि फेब्रुवारीत धावपळ सुरू होते. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेर बिलं निघतात. डांबराच्या रस्त्याला हे कदाचित चालत असेल (तिथेही चालत नाही, पण तो विषय वेगळा). मंडई काळ्या दगडाची आहे. अशा भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भरायच्या असतात. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्महिने सावकाश घट्ट होतो, आणि तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो घट्ट व्हायच्या आधीच सुकतो आणि बोटाने उकरला तरी भुगा होऊन पडतो. पावसात तर धुऊनच जातो. दिवाळी ते माघ एवढाच त्याचा हंगाम.

मग घाईला आलेला कंत्राटदार सिमेंट वापरतो. काम लवकर उरकतं, फोटोही छान येतो. पण आपला काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती सांध्यांतून. सिमेंट आक्रसतं, दगडाच्या कडेशी केसाएवढी फट पडते. तिथून पाणी आत जातं, पण त्याला बाहेर यायला वाट उरत नाही. आतला जुना चुना विरघळतो आणि फटीत पिंपळ रुजतो.

दगडाला हात लावण्याआधी मात्र छप्पर. मधला अष्टकोनी मनोरा आणि उतरत्या छपरांचे पाखे जिथे मिळतात, त्या पन्हळी तुंबलेल्या असतील तर खाली कितीही दरजा भरा. शिवाय परांची एकेका पाख्याखालच्या भिंतीला बांधा, म्हणजे सगळे गाळे एकदम बंद करावे लागणार नाहीत. धुण्यासाठी पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वाळूचा मारा नको, रंग तर नकोच.

१८८६ मध्ये ही वास्तू रे मार्केट म्हणून खुली झाली. त्याआधी भाजीवाले शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसत. पण हा प्रस्ताव नगरपालिकेत आला तेव्हा सभासद जोतीराव फुले यांनी त्याला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे नाव त्यांचंच लागलं. ज्यांनी या वास्तूच्या खर्चालाच विरोध केला, त्यांचं नाव मिरवणाऱ्या मंडईच्या कामाचं अंदाजपत्रक तरी गाळेधारकांना वाचता येईल असं, मराठीत, दारावर लावा. त्यात चुना कुठला, वाळू कुठली, चुना दगडी चाकाच्या घाणीवर मळणार की मिक्सरमध्ये, आणि चुन्याचं काम केलेले गवंडी किती, हे दिसू द्या. नुसत्या कमी दरावर निविदा देऊ नका.

आपल्याकडे हेरिटेज सेल, म्हणजे वारसा वास्तूंचा विभाग, आहे, तेव्हा हे सगळं तिथल्या अभियंत्यांना ठाऊक असणार. त्यांचं अडतं ते तारखांपाशी. म्हणून एवढं करा: येत्या हिवाळ्यात एकाच पाख्याखालच्या भिंतीच्या, पाऊस झोडपतो त्या बाजूच्या काही दरजा नमुना म्हणून भरून घ्या. त्यावरून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. दसऱ्याला गाळेधारकांसह जाऊन त्या तपासा आणि मगच उरलेल्या कामाची निविदा उघडा. निधी पुढच्या वर्षात ओढायचा ठराव स्थायी समितीकडून आत्ताच करून घ्या.

आपला,
मंडईचा एक नेहमीचा गिऱ्हाईक