वीस मोती आणि एक नोंदणी

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार. ऋताला हॉवर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. तिथल्या मुली सारखं ज्या अल्फा कप्पा अल्फाबद्दल बोलतात ते आहे काय, आणि ऋताने त्यात पडावं का, असं तू विचारलंयस. सविस्तर लिहिते. नुसते गुलाबी-हिरवे कपडे आणि गळ्यातले मोती बघून हे कळणार नाही.

अल्फा कप्पा अल्फा ही एक सोरॉरिटी. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजच्या मुलींचं मंडळ, पण आपल्या गॅदरिंगच्या मंडळासारखं वर्षापुरतं नव्हे. एकदा आत गेलेली मुलगी जन्मभर सभासद राहते. कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात. हॉवर्डचा चॅप्टर सगळ्यात पहिला, म्हणून त्याचं नाव अल्फा. शिक्षण संपलेल्या बायकांचे चॅप्टर वेगळे असतात आणि त्यांच्या नावात ओमेगा येतो. पन्नाशीतल्या डॉक्टरीणबाई नि वकीलबाई तितक्याच हिरिरीने बैठकांना जातात त्या यामुळे.

वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड 1867चं. गुलामी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी जी विद्यापीठं निघाली त्यांतलं हे एक. सहा वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्याच पिढीचं हे काम. ऋताला हे आवर्जून सांग.

एथेल हेजमन ही तिथली विद्यार्थिनी. तिच्या एका शिक्षिकेने ब्राउन विद्यापीठातल्या सोरॉरिटीचे अनुभव तिला सांगितले होते. त्यातून 15 जानेवारी 1908 रोजी मायनर हॉल या इमारतीत नऊ जणींनी मंडळ स्थापन केलं. काळ्या विद्यार्थिनींची, ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली ही अमेरिकेतली पहिली सोरॉरिटी. त्या नऊ जणींतली ल्युसी स्लो पुढे टेनिसची राष्ट्रीय विजेती झाली, 1917 साली, आणि 1922 मध्ये हॉवर्डचीच पहिली 'डीन ऑफ विमेन'. नऊ जणींनंतर लगेच आणखी सात जणींना घेतलं. त्याही संस्थापकच मानल्या जातात.

आता खरी गोष्ट. माझ्या मते या चॅप्टरचा सगळा इतिहास 1912-13च्या हिवाळ्यात आहे. तेव्हाच्या 22 मुलींना नाव बदलायचं होतं, चिन्हं बदलायची होती आणि कॉलेजबाहेरच्या प्रश्नांत जास्त उतरायचं होतं. आधीच्या मुलींना ते मान्य नव्हतं. नुकतीच पदवी घेऊन शिक्षिका झालेली नेली क्वांडर जुन्या नावासाठी उभी राहिली. मंडळ फुटलं. 13 जानेवारी 1913 रोजी त्या 22 जणींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली. सोळा दिवसांनी, 29 जानेवारीला, क्वांडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी अल्फा कप्पा अल्फाची कायदेशीर नोंदणी केली.

शुभा, तू भगिनी मंडळाची घटना स्वतः लिहिली आहेस, तुला याचं मोल लगेच कळेल. नोंदणी नसलेलं विद्यार्थ्यांचं मंडळ त्या त्या वर्षीच्या मुलांच्या हातात असतं. कार्यकारिणी बदलली की नाव, उद्देश, सगळं बदलू शकतं, आणि ती तुकडी पास होऊन गेली की विषयच संपला. नोंदणीमुळे नाव त्या वर्षीच्या मुलींचं न राहता संस्थेचं झालं, आणि दुसऱ्या कॉलेजांत रीतसर शाखा काढता आल्या. म्हणून संस्थापकांत नोंदणीच्या वेळच्या चौघींनाही धरतात. नऊ, सात आणि चार मिळून वीस. सभासदांच्या पिनवर, म्हणजे आयव्हीच्या सोन्याच्या पानावर, वीस मोती असतात ते यांचे. नथ आणि तन्मणी मिरवणाऱ्या आपल्याला मोत्यांचं नवल नाही, पण तिथे प्रत्येक मोत्याला एकेका बाईचं नाव आहे, आणि ती वीस नावं पाठ असावी लागतात.

फुटलेल्या बाजूलाही मी कमी लेखत नाही. 3 मार्च 1913 रोजी वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. काळ्या बायकांनी मागे चालावं असा आग्रह तिथे होता, तरी डेल्टाच्या मुली त्यात चालल्या. आणि हॉवर्डच्या मुलींना मानाची जागा मिळावी म्हणून संयोजक ॲलिस पॉलला पत्र लिहिणारी कोण? तीच नेली क्वांडर. भांडण घरात होतं, रस्त्यावर नव्हतं.

काम म्हणशील तर मिसिसिपीचं एकच सांगते. 1935च्या उन्हाळ्यात डॉ. डोरोथी फेरेबी यांच्यासोबत सभासद तिथे दवाखाने चालवायला गेल्या. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ देईनात. मग यांनी औषधं आणि लशी मोटारींत भरल्या नि दवाखानाच मळ्यांवर नेला. पुढची कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात हे चाललं.

आता ऋताच्या उपयोगाचं. इथे गोऱ्या सोरॉरिटींसारखी राहायची बंगली नसते आणि दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात भरतीही नसते. चॅप्टर जाहीर करेल तेव्हाच अर्ज घेतात आणि मध्ये दोन-दोन वर्षंही जाऊ शकतात. गुणपत्रक, सेवाकार्याचा लेखी पुरावा आणि सभासदांची शिफारस लागते. ऐनवेळी यातलं काहीच जमत नाही. पहिल्या वर्षापासून कुठेतरी नेमाने काम करावं आणि दर वेळी तारीख-तासांची सही घेऊन ठेवावी. वंशाची अट नाही. मात्र एकदा एका सोरॉरिटीत गेलं की दुसरीचं दार बंद, तेव्हा आधी सगळ्या सोरॉरिटींचे जाहीर कार्यक्रम बघावेत. 'मला घ्याल का' असं चारचौघांत विचारणं हा तिथे मोठा प्रमाद.

निवड झालेल्या मुलींच्या तुकडीला 'लाइन' म्हणतात. बहुधा उंचीप्रमाणे उभ्या करतात आणि त्या क्रमाचा आकडा आयुष्यभर चिकटतो. कमला हॅरिस 1986 साली याच चॅप्टरमध्ये आल्या, त्यांच्या लाइनमध्ये 38 जणी होत्या. शेवटी 'प्रोबेट' होतं, म्हणजे नव्या सभासदांना सगळ्यांसमोर आणायचा कार्यक्रम. सगळ्या एकसारख्या कपड्यांत, चेहरे झाकून, एकमेकींना खेटून येतात, संस्थापकांची नावं आणि इतिहास एका सुरात म्हणतात, मग एकेक चेहरा उघडतो. हे बिघडतं ते श्वासामुळे. एकीने वाक्याच्या मध्येच श्वास घेतला की मागच्या तिघी अडखळतात. म्हणून श्वासाच्या जागा आधीच बांधून घेतात, आपल्याकडे समूहगानात घेतात तशाच. स्टेपिंगचं, म्हणजे त्यांच्या ठेक्याच्या सांघिक नाचाचंही तसंच. त्यात संगीत नसतं, पाय आणि टाळ्या हेच वाद्य. रबरी तळव्याचे बूट आवाज गिळतात, पोकळ लाकडी रंगमंच तो दुप्पट करतो, आणि जोशात लय हळूहळू चढत गेली की मागची रांग मागे पडते.

एका बाबतीत मात्र तू कठोर राहा. 1990 मध्ये काळ्या विद्यार्थ्यांच्या अशा सगळ्या ग्रीक नावाच्या संघटनांच्या परिषदेने जुनी 'प्लेजिंग' पद्धत, म्हणजे सभासद होण्याआधीची उमेदवारी, बंद केली, कारण तिच्या नावाखाली मारहाण, उपासमार, रात्र-रात्र जागरण चालायचं. ते चोरून अजूनही होतं. अधिकृत पत्र आणि पैशांची पावती नसताना कुणी रात्री कॉलेजबाहेर बोलावलं, फोन काढून घेतला, 'घरी सांगू नकोस' म्हणालं, तर तिथूनच परत फिरायचं. डिसेंबर 2024 पासून अमेरिकेत असे प्रकार कॉलेजांनी जाहीर करावेत असा केंद्रीय कायदाही आहे. पण कायदा नंतर येतो, मुलीने आधी निघून यायला हवं.

बाकी लहान गोष्टी. हॉवर्डच्या मधल्या मैदानाला 'यार्ड' म्हणतात. गाणं लागलं की सभासद तिथे एकामागे एक ठेक्यात चालतात, त्याला 'स्ट्रोल'. ती ओळ मधून कापून कधी जायचं नाही, थांबायचं किंवा वळसा घालायचा. 'स्की-वी' ही त्यांची साद, ती बाहेरच्यांनी द्यायची नाही. त्यांच्या अक्षरांचे कपडे घालायचे नाहीत, आणि त्यांच्या कार्यक्रमाला जाताना गुलाबी-हिरवा पोशाखही नको. तू तिच्यासाठी काढून ठेवलेली ती पैठणी मात्र खुशाल दे. आणि 15 जानेवारीला स्थापना दिन असतो, त्या सुमाराचे जाहीर कार्यक्रम तिने चुकवू नयेत.

तुझी,
मंगल