चि. मुक्ता हिस, हुतात्मा एक्स्प्रेस सुटल्यानंतर

सोलापूर,
रविवार, रात्री साडेदहा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सकाळी पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस सुटली तेव्हा तू खिडकीशी बसली होतीस, पण बाहेर पाहिले नाहीस. गर्दीत आपण तिला दिसलो नसू, असे तुझी आई म्हणाली. तसेच असेल असे मी मानले आणि नवी पेठेत आपल्या दुरुस्तीच्या दुकानाचे शटर उघडून उगाच बसून राहिलो. तुझ्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यायचा हा विषय मी फलाटावर काढायला नको होता, आणि तुझ्या मैत्रिणींसमोर तर मुळीच नको होता. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तरी "तो काळा डबा घेऊन मी वर्गात बसणार नाही" हे मी सुचवलेल्या लॅपटॉपविषयीचे तुझे वाक्य दिवसभर कानात राहिले आहे. मी रागावलेलो नाही. तुझ्या म्हणण्यात खरे किती आहे ते शांतपणे तपासावे असे वाटले, आणि फोनवर आपण दोघेही एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून लिहीत आहे.

माझी काळजी एकच आहे, ती एकदाच लिहून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी काही जमा करायचे असताना रात्री अकराला तो लॅपटॉप बंद पडला, तर तिथे तुझ्याजवळ कोण आहे? आता हे पुन्हा लिहिणार नाही.

तू निवडलेल्या लॅपटॉपची सगळी माहिती मी आज काढली. चंदेरी धातूचे झाकण, बोटाने चालणारा पडदा, बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय, अंधारात उजळणारा कीबोर्ड, वजन १ किलो २०० ग्रॅम, आणि तरीही किंमत आपल्या ४० हजारांच्या आत. इतके सगळे तेवढ्या पैशांत बसवायचे तर कंपनीला कुठेतरी कात्री लावावीच लागते, आणि ती लागली आहे ती आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही. रॅम (चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती) ८ जीबी आहे आणि ती मदरबोर्डवर, आतल्या मुख्य पट्टीवर, सोल्डर केलेली आहे, म्हणजे उद्या कमी पडली तरी वाढवता येणार नाही. फायलींच्या साठवणीला १२८ जीबीची ईएमएमसी ही स्वस्तातली चिप आहे. ती एसएसडीपेक्षा, म्हणजे वेगळ्या बसवलेल्या वेगवान डिस्कपेक्षा, संथ असते, आणि बोर्डावरच बसवलेली असल्याने ती गेली की बोर्ड बदलण्याची वेळ येते. मी सुचवलेल्या लॅपटॉपमध्येही रॅम आज ८ जीबीच आहे, पण आणखी रॅम बसवायला एक जागा मोकळी आहे, आणि ५१२ जीबीची एसएसडी एक स्क्रू काढला की हातात येते. तू संख्याशास्त्र शिकते आहेस. तुमच्या 'आर' या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालू असताना सगळा डेटा रॅममध्येच धरून ठेवला जातो, हे मला दुकानात येणाऱ्या एका प्राध्यापकांनी समजावून सांगितले. मग झाकण कशाचे आहे यापेक्षा ही जागा मोलाची नाही का?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आपल्या माळ्यावरच्या त्या छोट्या लॅपटॉपशी लहानपणी तू 'ऑफिस ऑफिस' खेळायचीस, तो मी २००९ साली हप्त्याने घेतला होता. त्या वेळी नेटबुकची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपची, मोठी हवा होती. असूसने २००७ मध्ये सात इंची पडद्याचा ई पीसी आणला, आणि दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक कंपनीने स्वतःचे नेटबुक काढले. ती यंत्रे स्वस्त आणि प्लॅस्टिकची असत, त्यामुळे काही कंपन्यांना वाटले की त्यांना उंची साज चढवावा. एचपीने २००८ मध्ये २१३३ हे नेटबुक अॅल्युमिनियमच्या आवरणात आणले. त्याचा कीबोर्ड उत्तम होता, पण आतला व्हीआयए कंपनीचा प्रोसेसर फार संथ होता. पुढच्या वर्षी नोकियाने बुकलेट ३जी काढले. त्याचे अॅल्युमिनियमचे अंग पाहून माणूस थक्क व्हावा, आणि आत मात्र इतर नेटबुकांसारखाच इंटेलचा अॅटम प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. अमेरिकेत त्याची किंमत ५९९ डॉलर होती. साधे नेटबुक त्याच्या निम्म्यात येत असे.

मी घेतलेले यंत्र वेगळ्या कंपनीचे होते, पण जातकुळी तीच. आईच्या बी.एड.चे वर्ष होते. धातूचे ते झाकण बंद करताना होणारा आवाजच मला इतका आवडला की पुढचे काही मी पाहिले नाही. काही महिन्यांतच त्याच्यावर दोन फायली एकदम उघडेनात. आई पाठ टाचणे लिहायला बसायची, एक वाक्य लिहून थांबायची, अक्षरे पडद्यावर उमटायची वाट पाहायची. रॅम वाढवावी म्हणून मी ते उघडले, तर ती बोर्डावर सोल्डर केलेली. शेवटी तिने सगळी टाचणे हाताने लिहून काढली आणि मला एका शब्दानेही बोलली नाही. आज दुपारी ते मी माळ्यावरून खाली काढले. अंगावर एक ओरखडा नाही. चार्जर लावून सुरू केले, आणि पडदा उजळेपर्यंत आईचा चहा झाला. शेजारी माझे दुकानातले बिलांचे यंत्र ठेवले. ते प्लॅस्टिकचे आहे, त्याचा एक कोपरा चिकटपट्टीने धरला आहे, दोनदा रॅम आणि एकदा डिस्क बदलली आहे, आणि ते रोज दहा तास चालते.

तुला मात्र वाटेल की बाबांना देखणे काही आवडतच नाही. तसे नाही. दिवसभर विचार करून काही गोष्टी मला मान्य कराव्या लागल्या. उजळणारा कीबोर्ड हा चोचला नाही. खोलीतली दुसरी मुलगी झोपलेली असताना दिवा न लावता तुला काम करता येईल. बटणांचा दाब चांगला असणे तर अत्यावश्यक आहे, कारण तासन्‌तास बोटे तिथेच असणार. पडदा आयपीएस असावा, म्हणजे कोणत्याही कोनातून रंग नीट दिसणारा. जुन्या, टीएन प्रकारच्या पडद्याचे रंग मान जरा खाली-वर केली तरी उलटेपालटे दिसतात आणि डोळे शिणतात. वजनाविषयी मी सकाळी जे बोललो ते मात्र सरळ चुकीचे होते. "अर्ध्या किलोने काय होते?" असे मी म्हणालो, आणि तूच त्या आधी पिशवी जड होते म्हणून आईने केलेली शेंगा चटणी ओट्यावर ठेवून गेली होतीस. संध्याकाळी मी चटणीचा तो डबा वजन करून पाहिला. ५२० ग्रॅम भरला.

या गोष्टींना पैसे मोजावेत. बोटाने चालणाऱ्या पडद्याला मोजू नयेत. तो बॅटरी जास्त खातो, चकाकतो, आणि फुटला तर साध्या पडद्यापेक्षा पुष्कळ महाग पडतो. धातूविषयी माझे मन अजून दुभंगलेले आहे. पातळ प्लॅस्टिकचे झाकण गर्दीत दाबले गेले की आतला पडदा तडकतो, तिथे धातू कामाला येतो हे खरे. पण या किमतीत बहुतेक वेळा झाकणच तेवढे धातूचे असते, आणि बिजागरीचे स्क्रू जिथे बसतात ते खालचे अंग प्लॅस्टिकचेच असते. त्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बोटाच्या पेराहून लहान पितळी नट बसवलेले असतात. बिजागरी घट्ट आणि खुंटी कच्ची असली की रोजच्या उघडझापीने एक दिवस तो नट प्लॅस्टिकसकट उपटून येतो.

मागच्या महिन्यात एक मुलगी असाच लॅपटॉप ओढणीत गुंडाळून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिला प्रकल्प जमा करायचा होता. झाकण बाहेरून आरशासारखे चमकत होते आणि आत तिन्ही नट निखळून एका कोपऱ्यात पडले होते. बिजागरीने पडद्याची वायरही ओढली होती. तिने दुसऱ्या डिस्कवर काहीही उतरवून ठेवलेले नव्हते. मी अॅराल्डाइट लावून नट बसवले, वायर बदलली, रात्री दीड वाजता पडदा लागला. तोवर ती स्टुलावर बसून होती आणि तिचे वडील दारात उभे होते. त्या रात्री घरी आल्यावर मी तुझ्या खोलीत डोकावलो, तर तू झोपली होतीस. आता तू तिथे आहेस, आणि रात्री अकराला असे झाले तर, हे मी पुन्हा लिहिणार नव्हतो. क्षमा कर.

तुझे आजोबा साखर पेठेत मागावर होते हे तुला माहीत आहे, पण त्यांच्याबरोबर टॉवेल घ्यायला तू कधी गेली नाहीस. नवा टॉवेल गालाला मऊ लागला की ते तो बाजूला ठेवायचे. तो मऊपणा फिनिशिंगचा आहे, दोन धुण्यांत जाईल, असे म्हणून ते टॉवेल उलटा करायचे आणि नखाने लूप ओढून पाहायचे. दुकानदार वैतागायचे. मला त्यांची तेव्हा लाज वाटायची, म्हणून तुझे 'काळ्या डब्या'चे वाक्य मला समजते. पुण्यात तू स्वतःच्या गुणांवर प्रवेश मिळवलास, आपल्या घरातून एम.एस्सी.ला जाणारी तू पहिली, आणि तिथे चारचौघींत बसताना आपले काही कमी दिसू नये असे वाटण्यात काहीच गैर नाही. हे मी सकाळी बोलायला हवे होते.

तर ठरव तू. ४० हजार उद्या तुझ्या खात्यावर येतील. घेण्यापूर्वी दुकानदाराला एवढेच विचार की रॅमला मोकळी जागा आहे का आणि एसएसडी बदलता येते का. मग झाकण मधोमध धरून दहा वेळा उघड; कोपऱ्यात करकर ऐकू आली तर तो घेऊ नकोस. धातूचाच घेतलास तर चार्जर तीन पिनांचा आहे ना, ते पाहा. दोन पिनांच्या चार्जरवर किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावर धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते. चार्जरच्या फिल्टरमधून गळणारा तो अल्पसा करंट असतो. घाबरायचे कारण नाही, पण रात्री एकटी असताना तू घाबरशील.

शनिवारी भाऊकाका पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर अर्थिंगचा बोर्ड, स्क्रूड्रायव्हरचा छोटा संच आणि एक बाहेरची डिस्क पाठवतो. प्रत्येक रात्री झोपण्यापूर्वी काम तिच्यावर उतरवून ठेव. बंद पडलाच तर वेळ पाहू नकोस, व्हिडिओ कॉल कर, मी दुकानाची किल्ली उशाशी ठेवतो. आईने चटणीही बांधली आहे. पावशेरच आहे.

तुझे,
बाबा