आजार एकाचा, विचारपूस दोघांची व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मधुमेहावरची आपली लेखमाला वाचते आहे. पथ्य, इन्शुलिन, पायांची काळजी, सगळं नीट आलं. राहून गेलं ते रुग्णाच्या शेजारी बसलेलं माणूस. इंदुरातल्या कुठल्याही दवाखान्यात बघा. डॉक्टर विचारतात नवऱ्याला, उत्तर देते बायको. पर्समधला घडी घातलेला कागद काढून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर घडाघडा वाचून दाखवते. तिला रात्री झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

जोडपं आजारपण कसं निभावतं, हे मोजताही येतं. ज्यूरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ बोडेनमान यांची ३७ प्रश्नांची प्रश्नावली २००८ पासून प्रसिद्ध आहे. ती दोघांनी भरायची. मी काय करते, ते काय करतात, दोघं मिळून काय करतो. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, १ म्हणजे फार क्वचित, ५ म्हणजे फार वेळा. ‘मी तिला आधार देतो’ यापुढे त्यांनी ५ लिहावेत आणि ‘ते मला आधार देतात’ यापुढे तिने २, म्हणजे डॉक्टरांना काय ते कळलं!

त्यात कुरकुरत केलेली मदत वेगळी, उणे बाजूला मोजतात, हे मला फार पटलं. आपल्याकडे इन्शुलिन वेळेवर देतात हो, पण ‘छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जिलबी हाणताना नाही आठवलं?’ हे सुईच्या आधी टोचून होतं.

एक शंका मात्र आहे. जोडीदाराचं काम आपल्या अंगावर घेणं तिथे जमेत धरतात. आमच्या पिढीतल्या बायका त्यात पैकीच्या पैकी मिळवतील, आणि नवऱ्यांना स्वतःची सकाळची गोळी कुठली हेही सांगता येणार नाही. अशा घरात चांगले गुण पाहून बाईची काळजी मिटली असं धरू नये. शिवाय सुया-गोळ्या सुनेच्या हाती असतील, तर नुसत्या जोडप्याला विचारून भागणारही नाही.

इथल्या मराठी मंडळांची आरोग्य शिबिरं होतात. तिथे शुगर-बीपीच्या टेबलापलीकडे आणखी एक टेबल मांडावं. सोप्या मराठी-हिंदीत प्रश्न असावेत आणि दोघांना लांब लांब बसवावं. शेजारी बसवलं, तर ती त्यांचाही कागद भरून टाकेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लोकमान्यनगर, इंदूर