पुढचा डेक बंद, स्पीकर बंद आणि नोंदीत ‘हिमनदी दर्शन पूर्ण’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जुलैमधल्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर ग्लेशियर बेच्या दिवशी झालेला गोंधळ आणि परताव्याची मागणी

महोदय,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोललो. चारही वेळा एकच उत्तर मिळालं, “निसर्ग आमच्या हातात नाही.” म्हणून आता लेखी कळवतो. व्हेल कमी दिसले अशी माझी तक्रार नाही, कधीच नव्हती. तक्रार आहे ती तुमच्याच हातात असलेल्या गोष्टींची : डेकचं कुलूप, स्पीकर, दैनिक पत्रकातली वेळ आणि जहाज कोणत्या अंगाने उभं केलं ते.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. म्हणजे तो दिवस तुमच्या जहाजाला मिळाला, तेव्हा इतर बहुतेकांना मिळाला नव्हता. लोक अख्खी क्रूझ त्या एका दिवसासाठी घेतात आणि तुम्हीही ती त्याच दिवसाच्या फोटोवर विकता. त्या दिवशी हेलिपॅडचा पुढचा डेक सकाळपासून दोरी लावून बंद होता. माणशी 129 डॉलरचा ‘विशेष दर्शन’ पास असेल त्यालाच आत सोडत होते. बुकिंगच्या वेळी तुमच्याच डेक नकाशावर ही जागा सर्वांसाठी खुली दाखवली होती. तो नकाशा माझ्याकडे आहे.

पुढचा डेक का लागतो, हे जहाज चालवणाऱ्यांना मी सांगायला नको, पण तुमच्या फोनवरच्या माणसांना सांगावं लागतं. तिथून दोन्ही किनारे एकाच जागी उभं राहून दिसतात. समोर काच नसते आणि धुराड्याची गरम हवा मागे राहते. बाकी प्रवाशांना उरला मागचा डेक. तिथे धुराड्यातून निघणारी गरम हवा थंड हवेत मिसळते आणि दृश्य पाण्यासारखं थरथरतं. लेन्स कितीही चांगली असली तरी त्या थरथरीतून काढलेला फोटो अस्पष्टच येतो. वरच्या डेकला वाऱ्यासाठी काचेची भिंत आहे. ती रंगीत आहे आणि त्या दिवशी तिच्यावर मिठाचे डाग होते. कॅमेऱ्याचा फोकस बर्फावर न बसता त्या डागांवर बसत होता.

त्यात बाहेरून फिरायची वाटही दोन्ही बाजूंना बंद. डावीकडून उजवीकडे जायचं तर बुफेतून जावं लागत होतं, वाफाळत्या भांड्यांच्या रांगेतून. थंडीत तासभर राहिलेली लेन्स अशा उबदार, दमट हवेत गेली की काही सेकंदांत तिच्यावर दव धरतं. पुसलं की पुन्हा धरतं, आणि बाहेर आल्यावरही काच कोरडी व्हायला बराच वेळ जातो. उपाय साधा आहे : आत जाण्यापूर्वी, बाहेरच्या थंड हवेत असतानाच, कॅमेरा आणि दुर्बीण घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालायची आणि पुन्हा बाहेर आल्यावरच उघडायची. तुमच्या सूचनापत्रकात याबद्दल एक ओळ नाही. मुळात बाहेरची वाट उघडी असती तर त्या ओळीची गरजच पडली नसती.

आता वेळ. दैनिक पत्रकात साउथ मार्बल बेट साडेदहाला लिहिलं होतं. जहाज त्या बेटापाशी पोहोचलं पावणेआठला. स्टेलर समुद्रसिंहांचे कळप आणि पफिन हे समुद्रपक्षी या मार्गावर भरवशाने दिसण्याची ती जागा. समुद्रसिंहांचं ओरडणं दुरूनच ऐकू येतं, म्हणून डेकवर योगायोगाने असलेल्यांना कळलं. बाकीचे नाश्त्याला होते. ग्लूमी नॉबच्या कड्यावर डोंगरी शेळ्या असतात. उघड्या डोळ्यांना ते खडकावरचे पांढरे ठिपके, कोणी बोट दाखवलं तरच दिसतात. तिथेही कोणी काही सांगितलं नाही.

सांगणारे मात्र जहाजावर होते. उद्यानाचे रेंजर सकाळी जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. दिली, आणि उत्तम दिली. फक्त त्यांचा आवाज लाउंजमध्ये आणि आतल्या मार्गिकांमध्ये जात होता. बाहेरच्या डेकचे स्पीकर दुपारी दोनपर्यंत बंद होते, आणि पोहण्याच्या तलावाच्या डेकवरचे स्पीकर चालू होते ते गाण्यांसाठी. रेंजर दिशा घड्याळाच्या आकड्यांवरून सांगतात : जहाजाचं तोंड म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन. “दोन वाजताच्या दिशेला हंपबॅक” एवढे चार शब्द वेळेवर कानावर पडले की काम होतं. हंपबॅक जातीचा व्हेल काही फवारे सोडतो, पाठ कमानीसारखी वळवतो, शेपूट वर काढतो आणि खोल जातो. मग पाच-दहा मिनिटं वर येत नाही. पहिल्या फवाऱ्याला दिशा कळली नाही तर तो गेलाच.

आणि जवळ न्या असं कोणी म्हणत नाही. उद्यानात हंपबॅकपासून पाव सागरी मैल, म्हणजे साधारण 463 मीटर लांब राहावं लागतं, आणि तो नियम योग्यच आहे. 8 बाय 42 च्या, म्हणजे 8 पट जवळ दाखवणाऱ्या, दुर्बिणीतून तेवढ्या अंतरावरचा प्राणी 58 मीटरवर असल्यासारखा दिसतो. हलत्या डेकवर 10 पटीपेक्षा 8 पटीची दुर्बीण बरी, हात कमी थरथरतो. अंतराचं गाऱ्हाणं नाही. दिशा सांगितली नाही, हे गाऱ्हाणं आहे.

सर्वांत मोठी चूक मार्जरी हिमनदीपाशी झाली. टार इनलेट या चिंचोळ्या खाडीत उत्तरेकडे तोंड करून शिरलं की मार्जरी डाव्या हाताला येते. सुमारे एक मैल रुंद आणि पाण्यावर अडीचशे फूट उंच असा तिचा कडा. एरवी अशी जहाजं बाजूच्या थ्रस्टरवर, म्हणजे जहाज आडवं ढकलणाऱ्या पंख्यांवर, जागच्या जागी हळूहळू फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या केबिनना कडा समोरून दिसतो. तुमचं जहाज 35 मिनिटं डावी बाजू बर्फाकडे करून उभं राहिलं. उजव्या बाजूच्या बाल्कन्यांसमोर त्या सगळ्या वेळात पूर्वेकडचा उघडा खडक होता. नंतर जहाज वळलं आणि उजवी बाजू बर्फाकडे आली, पण तोवर ते वेग घेऊन निघालं होतं. याच उजव्या बाजूच्या बाल्कनीसाठी तुम्ही आतल्या केबिनपेक्षा 840 डॉलर जास्त घेतले आहेत.

बाल्कनीतून दिसत नाही म्हणून लोक डेकवर आले, आणि पुढचा डेक बंद. पुन्हा तेच लिहितो आहे याची मला कल्पना आहे. बर्फ कोसळताना पाहायचा तर संपूर्ण कडा नजरेसमोर लागतो. अर्ध्या किलोमीटरवरून आवाज यायला दीड सेकंद लागतो. आवाज ऐकून मान वळवेपर्यंत बर्फ पाण्यात गेलेला असतो आणि फक्त लाट दिसते. लोकांच्या डोक्यांमधून एक फट शोधून पाहणाऱ्याच्या वाट्याला ती लाटच येते.

आता आजचा फोन. हे सगळं मी तुमच्या प्रतिनिधीला क्रमाने सांगितलं. त्यांनी मला अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाले, “आमच्या नोंदीत हिमनदी दर्शन पूर्ण झालेलं दिसतंय.” मी म्हटलं, जहाज तिथे पोहोचलं हे मला मान्यच आहे, प्रश्न प्रवाशांना काय दिसलं हा आहे. त्यावर ते म्हणाले, “जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र तुमच्या केबिनमधल्या टीव्हीवर चालू होतं. तो चॅनेल तुम्ही लावला नाही का?” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी शांतपणे चॅनेलचा क्रमांक सांगितला. मी वरिष्ठांशी बोलू द्या म्हटलं. वरिष्ठ आले आणि त्यांनीही तोच क्रमांक सांगितला, वर म्हणाले की केबिनमध्ये थंडीही वाजत नाही.

हजारो किलोमीटरवरून माणसं अलास्कात येतात ती केबिनचे पडदे ओढून टीव्हीवर हिमनदी बघायला नाही. तो कॅमेरा ज्या पुढच्या डेकवर आहे, तिथेच प्रवाशांना जाऊ दिलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. शेवटी “सद्भावना म्हणून” पुढच्या क्रूझवर खर्चायला 50 डॉलर देऊ केले. ते मला नकोत.

माझ्या मागण्या अशा. बाल्कनीचे जादा 840 डॉलर मूळ कार्डावर परत करावेत. पुढचा डेक विकत द्यायचा निर्णय बुकिंगनंतर का झाला, याचं लेखी उत्तर द्यावं. आणि ग्लेशियर बेच्या दिवशी बाहेरचे स्पीकर बंद ठेवायला कोणी सांगितलं, तेही कळवावं. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर कार्ड कंपनीकडे दावा करेन आणि डेक नकाशा, दैनिक पत्रक, पासची जाहिरात हे सगळं अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पाठवेन. तुमचं जहाज त्यांच्याशी केलेल्या करारावरच तिथे जातं. त्यांच्या रेंजरचा आवाज डेकवर पोहोचू दिला गेला नाही, हे त्यांना कळायला हवं.

याच कंपनीची ही तिसरी क्रूझ होती. पहिल्या दोन्ही वेळा पुढचा डेक उघडा होता आणि जहाज दोन्ही बाजूंनी फिरवलं होतं. तुम्हाला हे जमतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आपला,
उजव्या बाजूच्या बाल्कनी केबिनमधला प्रवासी

ता. क. तुमच्या जुलैच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरचा फोटो जॉन्स हॉपकिन्स हिमनदीचा आहे. त्या इनलेटमध्ये 31 ऑगस्टपर्यंत क्रूझ जहाजांना बंदी असते, कारण हार्बर सील तिथल्या तरंगत्या बर्फावर पिल्लं घालतात आणि जहाज जवळ आलं की आई-पिल्लांची ताटातूट होते. जुलैच्या प्रवाशाला ती हिमनदी तुमच्या जहाजावरून जवळून दिसणं शक्य नाही. तो फोटो काढून टाका.