दात कोणी बघायचे होते, मंत्री महोदय?

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. याआधी तीन अर्ज केले. पहिला एका खात्याने दुसऱ्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवला, दुसऱ्याने तो पुन्हा पहिल्याकडे पाठवला. तिसऱ्या अर्जाची पोच अजून यायची आहे. तेव्हा कॅन्सरच्या शेकाचा, म्हणजे रेडिएशनच्या उपचाराचा, विषय ज्या मंत्र्यांकडे येत असेल त्यांनी हे पत्र आपलं समजावं.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या यजमानांच्या तोंडात बॅटरी धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. हिरडीत पिवळट काहीतरी दिसलं. मला वाटलं, अन्नाचा कण अडकला असेल. ते जबड्याचं हाड होतं, उघडं पडलेलं. कॅन्सर परत आलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले. मग म्हणाले, हाड मेलंय, कापावं लागेल. या आजाराला ऑस्टिओरेडिओनेक्रॉसिस म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तरी हा शब्द त्यांच्याकडून वहीत लिहून घ्यावा लागला.

हे एसटीत ड्रायव्हर होते, 29 वर्षं. रात्रीच्या गाडीला झोप येऊ नये म्हणून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. विदर्भात खर्रा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या सभांनंतर मैदानात त्याच्या पन्न्यांचा सडा असतो. चूक ह्यांची, ती ह्यांनी कधी नाकारली नाही. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक: आठवड्यातून पाच दिवस, एकूण 30 वेळा, 60 ग्रे (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप).

आता जे सांगते ते मला नंतर कळलं. आधी कोणीच सांगितलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तोंडाला शेक देण्याआधी दात तपासायचे असतात. किडके, हलणारे दात आधी काढायचे, जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे, मग शेक सुरू करायचा. कारण शेकाने लाळेच्या ग्रंथी सुकतात, लाळ आटली की दात भराभर किडतात, आणि शेक लागलेल्या हाडाचा रक्तपुरवठा इतका कमी होतो की त्यातला दात नंतर उपटला तर जखम भरेलच असं नाही. हा धोका जन्मभराचा. ह्यांचे चार दात ऑपरेशनच्या आधीपासून खराब होते. भूल दिलेलीच होती, तेव्हाच काढता आले असते. सर्जनना वाटलं, शेकवाले बघतील. शेकाच्या डॉक्टरांना वाटलं, सर्जननी बघून पाठवलंय. दातांचा विभाग त्याच आवारात, मधे फक्त सायकल स्टँड. ती 60-70 पावलं ह्यांना चालायला कोणी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास दाढ ठणकायला लागली. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी नेहमीसारखी काढली. आम्ही फाईल दाखवली होती. त्यात ग्रे होते, तारखा होत्या, सह्या होत्या. 'खालचा दात काढण्याआधी आम्हाला विचारा' एवढी एक ओळ नव्हती.

शेकाच्या वेळी तरी सगळं सुरळीत होतं का? तिसऱ्या आठवड्यात ह्यांचं तोंड आतून सोललं. पाणीसुद्धा तिखट लागायचं. आयुष्यभर ठेचा-भाकरीवर वाढलेला माणूस वरणाच्या पाण्याला घाबरायला लागला. आहार सांगणारं कोणी नव्हतं. विचारलं तर कळलं की आकृतिबंधात डाएटिशियनचं पद आहे की नाही यावरच पत्रव्यवहार चालू आहे. नाकातून नळी घालायची ठरली तोवर 64 किलोचा माणूस 53 वर आला होता. चेहरा उतरला म्हणून मास्क सैल झाला. हा मास्क म्हणजे गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बेतलेली प्लॅस्टिकची जाळी. ती डोकं जागच्या जागी धरून ठेवते आणि शेक नेमका ठरल्या जागी पडतो. सैल मास्कवर शेक देऊन चालत नाही. नवा मास्क, नवं सीटी स्कॅन, नवं प्लॅनिंग, म्हणजे शेक कुठे किती द्यायचा याचा हिशोब. प्लॅनिंग करणाऱ्या फिजिसिस्ट बाई एकच, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या शहराचाही अतिरिक्त कार्यभार. त्या येईपर्यंत सात दिवस गेले. त्यांनी येऊन काम संपवलं तर मशीन बंद पडलं, आणखी चार दिवस. एकूण 11.

तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये शेकात एक दिवसाचा खंड पडला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असं मी वाचलंय. 11 गुणिले सव्वा, म्हणजे जवळपास 14 टक्के. डॉक्टर म्हणाले, ताई, असा सरळ गुणाकार नसतो. नसेल. मी चौथीला गणित शिकवते, मला एवढाच येतो. चुकलेले दिवस भरून काढायची रीतही आहे म्हणे: शनिवारी शेक द्यायचा, किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन. पण त्याला टेक्निशियनची जादा पाळी लागते, आणि टेक्निशियन किती आहेत हे मी विचारलं तेव्हा तो बिचारा हसला.

मशीनबद्दल बोलायचं राहिलं. ह्यांना ज्यावर शेक दिला ते जुनं कोबाल्ट, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्टच्या तुकड्यावर (सोर्सवर) चालणारं मशीन. कोबाल्टच्या सोर्सची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. जे काम नव्या सोर्सवर दोन मिनिटांत होतं त्याला मग चार मिनिटं लागतात. बाहेर रांग तेवढीच, बाकं तेवढीच. आणि शेजारच्याच बंकरमध्ये, म्हणजे जाड भिंतींच्या खोलीत, नवं कोरं लिनॅक, म्हणजे सोर्सशिवाय विजेवर चालणारं शेकाचं मशीन. त्याचं उद्घाटन तुमच्यापैकीच एका साहेबांच्या हस्ते झालं. नारळ फुटला, फीत कापली, 'तीन महिन्यांत सेवा सुरू' अशी घोषणा झाली. आम्हीही टाळ्या वाजवल्या, मीच जास्त. दीड वर्ष झालं, मशीनवर अजून पांढरी चादर आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम साधा आहे: शिकलेला फिजिसिस्ट, मंजूर सुरक्षा अधिकारी, शेकाचे डॉक्टर आणि टेक्निशियन असल्याशिवाय परवाना नाही. नियम रास्तच आहे. पण मशीनची ऑर्डर देताना त्यासोबत माणसं लागतात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही का? की माणसांच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही म्हणून?

दर दहा लाख लोकांमागे निदान एक शेकाचं मशीन असावं म्हणतात. 2011 च्या जनगणनेत आपण 11 कोटी 24 लाख होतो. म्हणजे तेव्हाच 112 लागत होती. आज किती आहेत, त्यातली सरकारी किती, आणि चादरीखाली किती, हे तुम्हीच छापा. 2022 मध्ये देशात कॅन्सरचे नवे रुग्ण 14 लाखांवर आणि मृत्यू 9 लाखांवर, असा जागतिक अंदाज आहे. एवढ्या आकड्यात आमचे हे कुठे दिसणार म्हणा.

आपल्याला जमत नाही असंही नाही, राग त्याचाच येतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे आपलं स्वतःचं कोबाल्ट मशीन बनवलं, व्हिएतनामला भेट दिलं. खारघरला प्रोटॉनच्या, म्हणजे आणखी नेमक्या शेकाचा उपचार सुरू झाला. परळच्या टाटा रुग्णालयात एकेका अवयवाच्या कॅन्सरसाठी सर्जन, शेकवाले, औषधवाले यांचे एकत्र गट आहेत. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं आहे, ऑनलाइन ट्यूमर बोर्डही (एकेका पेशंटवर सगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) भरतात. आमच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, ओपीडीत दीडशे पेशंट असताना कोणत्या वेळेत बसू? खोटं नव्हते बोलत.

2012 म्हटल्यावर आठवलं, गुटखाबंदीही त्याच वर्षीची. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुपारीही बंदीत आली. आमच्या बसस्टँडसमोर सहा पानठेले आहेत, मंत्री महोदय. बंदी कुठे आहे ते मला एकदा बोट धरून दाखवा. माझ्या वर्गातल्या दोन पोरांच्या खिशात पन्नी सापडली, वय दहा. विकणारा सुटतो, खाणारा मरतो, मधल्यांचे हप्ते चालू राहतात, आणि शेवटी पाच लाखांपर्यंत मोफत उपचाराच्या फलकावर तुमचा हसरा फोटो. योजनेत आमचा शेक मोफतच झाला, नाही म्हणत नाही. पण गेल्या मंगळवारपर्यंत दात, नळी, भाड्याची खोली, जाणं-येणं यात माझ्या दोन पाटल्या गेल्या. हाड कापायचं कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते काउंटरवरचा मुलगा अजून शोधतोय.

मागण्या थोड्याच आहेत. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटचा मास्क बनवण्याआधी त्याच्या कागदावर दातांच्या डॉक्टरची सही सक्तीची करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, दातांचे डॉक्टर आभाळातून आणायचे नाहीत. आठवड्यातून एक तास सर्जन, शेकाचे डॉक्टर, फिजिसिस्ट, आहारतज्ज्ञ, गिळण्याचा व्यायाम घेणारे आणि समाजसेवा अधीक्षक एका टेबलाशी बसतील एवढी माणसं भरा, कंत्राटी नकोत. पेशंटला घरी सोडताना एक मराठी कागद द्या. कोणता दात कधी काढायचा नाही, तोंड उघडायचा व्यायाम किती वेळा, कोणाला फोन करायचा. आणि ती चादर काढा.

ह्यांचं ऑपरेशन येत्या 18 तारखेला आहे. हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं. बोललं की जबडा दुखतो म्हणून शाळेतली पाटी आणून दिलीय, तिच्यावर लिहितात. सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं: 'फिजिसिस्ट बाईंचं नाव खराब होईल असं काही लिहू नको. ती रात्री नऊपर्यंत बसली होती.'

कळावे,
एका निवृत्त एसटी चालकाची पत्नी