मनूस, दादा घरी येण्याआधी

प्रिय मनू,

परवा फोनवर "या घरात दोन मुलं आहेत हे तुम्ही विसरलात" एवढं बोलून तू फोन ठेवलास. बाबा शेजारीच होते, त्यांनीही ऐकलं. मी लगेच उलट फोन केला नाही. बोलायला लागले की माझी गाडी दादावरच जाते, आणि तुझं दुखणं नेमकं तेच आहे. म्हणून लिहायला बसले. आज फक्त तुझ्याबद्दल लिहायचं असं ठरवलंय.

एक मात्र आधी सांगून टाकते. दादाला पुढच्या आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रातून सोडताहेत. तो तुला फोन करेल. पैसे मागितले तर देऊ नकोस.

आता तुझं. तुझ्या चंदेरी कागदांच्या वहीची मला अजून आठवण येते. चॉकलेटचा कागद नखाने घासून घासून आरशासारखा करायचीस आणि पानांत दाबून ठेवायचीस. एके दिवशी ती वही रिकामी झाली. तू कुणाला काही विचारलं नाहीस. पुढे न्हाणीघरात गीझरच्या मागे मला त्यातलाच एक कागद सापडला. खालून जळून काळा पडलेला, वर गर्दचा, म्हणजे त्या हेरॉइनचा, तपकिरी ओघळ. त्या दिवशी सगळं घर दादाभोवती जमलं, रडारड झाली, डॉक्टर झाले. तुझ्या वहीचं काय झालं हे तू एकटीच जाणून होतीस.

घरात एकाला व्यसन लागलं की बाकीच्यांना आपोआप कामं वाटली जातात. बाबांनी माणसं तोडली. काकांकडच्या लग्नालासुद्धा गेले नाहीत, कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून. आजी पर्स उशाखाली घेऊन झोपायला लागली आणि वर "मला विसरायला होतं गं" म्हणायची. मी त्याचे खिसे तपासायचे, रात्री त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत दाराशी उभी राहायचे. तुझ्या वाट्याला शहाणं असणं आलं. परीक्षेच्या वर्षात तू खोलीला आतून कडी घालून अभ्यास केलास, दारात वसुलीला आलेल्या माणसाला तूच "बाबा घरी नाहीत" म्हणून परत पाठवलंस आणि संध्याकाळी आजीच्या गोळ्याही तूच दिल्यास. निकाल लागला तेव्हा मला किती अभिमान वाटला हे तुला माहीत नाही. अजूनही वाटतो. पण मनू, तू दर वेळी "मी ठीक आहे" म्हणतेस ना, त्याची मला भीती वाटते. ठीक नसलीस तरी चालेल. नापास झालीस, चिडलीस, घरी यायचं नाही म्हणालीस, तरी चालेल.

तू त्याला शिष्यवृत्तीतले पैसे दिले होतेस हे मला कळलंय. मी रागावलेली नाही. तो टर्कीत होता, म्हणजे गर्द न मिळाल्याने होणाऱ्या त्रासात, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी दुखणं, आणि "मी मरेन, मनू" म्हणत होता. कुठली बहीण नाही म्हणेल? पण डॉक्टरांनी मला समजावलं ते तुलाही कळायला हवं. टर्की भयानक असते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग आठवड्याभरात उतरते. त्यावर औषधं आहेत आणि सहसा ती जिवावर बेतत नाही. खरा धोका त्यानंतरचा. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची सवय मोडते. अशा वेळी माणसाने पूर्वीएवढीच घेतली, तर श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. दादा आता नेमका तिथे आहे. म्हणून म्हणते, पैसे देऊ नकोस.

आणि तो तुझ्याकडे आला, हाका मारून उठेना, ओठ निळे दिसले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर आधी रुग्णवाहिका बोलाव. श्वास चालू असेल तर कुशीवर वळव, एकटं सोडू नकोस. नॅलोक्सोन नावाचं औषध असतं, ते गर्दचा असर उतरवतं, पण थोड्याच वेळापुरतं. त्यामुळे शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावंच लागतं.

बघ, शिकवणी सुरू झाली. माफ कर. एकवीस वर्षांच्या मुलीला आईने असली पत्रं लिहायची वेळ येऊ नये.

तुला गोवर झाला होता तेव्हा त्याला तुझ्या खोलीत यायची बंदी होती. तो दाराबाहेर फरशीवर बसून फटीतून तुला गोष्टी वाचून दाखवायचा. राक्षसाचा आवाज काढताना त्याचा घसा बसायचा, आणि तू आतून "परत, परत" ओरडायचीस. तोच हा मुलगा. तुझी वही रिकामी करणाराही तोच. दोन्ही खरं आहे, आणि मला अजून दोन्ही एकत्र धरता येत नाहीत. तुलाही जमायलाच हवं असं नाही.

मी आणि बाबा आता व्यसनींच्या घरच्यांच्या गटात जातो. दारूच्या आजाराने पोळलेल्या कुटुंबांसाठी १९५१ साली अल-अनॉन सुरू झाली, तिच्याच धर्तीवर अमली पदार्थांसाठी नार-अनॉन आहे. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवतात: हे आपण लावलेलं नाही, आपल्याला ते आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही. बाबा पहिल्यांदा तिथे मोठ्याने रडले. भावंडांसाठीही वेगळं बोलता येतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, मनूला हवं तेव्हा फोनवर बोलू, घरी काही कळवायची गरज नाही. मी विचारणार नाही, शब्द देते.

दादा येईल त्या दिवशी तू आलीच पाहिजेस असं काही नाही. तुझ्या खोलीची किल्ली तुझ्याकडेच राहील, ती आम्ही कुणालाही देणार नाही. शनिवारी बाबा निळी बॅग घेऊन तुझ्याकडे येताहेत. त्यांच्याशी कॉलेजचं बोल, त्यांना ते ऐकायचंय.

तुझी,
आई

ता. क. दादाचा फोन आला तर वाटलं तर उचल, बोल त्याच्याशी, त्याला बरं वाटेल. पैशांचं निघालं तर "आईने नाही म्हटलंय" असं सांग. त्याचा राग माझ्यावर निघू दे.